पैसे घेतलेत, आता फोन उचला

मोबाईल टेबलावर पालथे ठेवा. "सर, गिऱ्हाइकाचा फोन आला तर?" ही चिंता तुमच्यापैकी कोणीही करू नये. तुमच्या गिऱ्हाइकाकडे तुमचा नंबर नाहीच.

मागच्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी मोठ्या हौसेने आपापल्या ऑनलाइन दुकानांचे पत्ते माझ्या वहीत लिहून दिलेत. "बघा आणि सांगा सर, कसं वाटतं." बघितलं. आता सांगतो. मध्ये कोणी "पण सर" म्हणायचं नाही.

दुकानं देखणी आहेत, वाद नाही. आंबेवाल्यांनी ड्रोन उडवून बागेचं चित्रण केलंय. पैठणीवाल्यांच्या पदरावरच्या मोराची पिसं मोजून घ्यावीत. फराळवाल्या बाईंची चकली इतक्या जवळून टिपलीय की काट्यावरचा तीळ दिसतो. 'आता खरेदी करा' हे बटण वर एक, खाली एक, आणि पान सरकवलं तरी पाठलाग करणारं तिसरं. क्यूआर कोड असा ठसठशीत की रस्त्याच्या पलीकडून पैसे भरता यावेत. पैसे घेण्याच्या सोयीत कुणीही काटकसर केलेली नाही.

आणि संपर्क? पानाच्या तळाशी, राखाडी पट्ट्यावर राखाडी अक्षरांत, 'गोपनीयता धोरण' आणि 'अटी व शर्ती' यांच्या मध्ये चेंगरलेला. त्यावर टिचकी मारली की फॉर्म. नाव, ईमेल, मोबाईल, विषय, संदेश. प्रत्येक रकान्यावर तारा, एकही मोकळा सोडायचा नाही. मग आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला नऊ चित्रांतून ट्रॅफिक सिग्नल शोधा. एवढं करून घाम पुसला की उत्तर येतं: 'धन्यवाद! आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.' लवकरच म्हणजे कधी? आणि 'आम्ही' म्हणजे कोण? धंद्यात तुम्ही दोघं आहात, त्यातली एक तुमची आई आहे, आणि तिला या फॉर्मबद्दल काही माहीत नाही.

तुमच्यातल्या बहुतेकांनी अकरावी-बारावीला पुस्तपालन घेतलं होतं. सांगा, ग्राहकाकडून मिळालेली आगाऊ रक्कम ताळेबंदात कुठे दाखवायची? खाली बघू नका, उत्तर जमिनीवर लिहिलेलं नाही. देयतांच्या बाजूला. चालू देयता. बँकेचा मेसेज आला, फोन टिंग वाजला, म्हणून ते उत्पन्न झालं असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. माल पोचेपर्यंत ते देणं आहे. वाण्याच्या दुकानात एका हाताने पैसे, दुसऱ्या हाताने पुडी. दोघेही तिथल्या तिथे मोकळे. तुमच्याकडे मात्र गिऱ्हाईक न पाहिलेल्या मालासाठी, न पाहिलेल्या माणसाला, आधी पैसे मोजतं. म्हणजे ते धनको आणि तुम्ही त्याचे देणेकरी. पैसे घेऊन पत्ता न ठेवणाऱ्या देणेकऱ्याला गावात काय म्हणतात, ते मी वर्गात उच्चारणार नाही.

"आमचा तसा हेतू नव्हता." हेतू मी विचारलेला नाही. उधारी थकवणाऱ्या माणसाचाही हेतू चांगलाच असतो, त्यालाच विचारा. धंदा हेतूवर चालत नाही. गिऱ्हाइकाला तुम्ही सापडता की नाही, एवढंच मी तपासतो.

आंबेवाले, उभे राहा. तुमच्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचा माल सगळ्यात नाजूक आणि संपर्काची व्यवस्था सगळ्यात ढिसाळ.

न्यू जर्सीत बसलेला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी तुमच्याकडून देवगड हापूसची पेटी मागवतो. अक्षय्य तृतीयेला नैवेद्याला आंबा हवा. पेटी वेळेवर येते, कबूल. वडील फळं गवतात नीट लावतात, रोज दाबून, हुंगून बघतात. वास सुटतो, साल पिवळी होते, सणाच्या सकाळी पहिलं फळ कापतात. आत कोयीभोवती पांढरट, फोपसा, आंबूस गर. साका. दुसरं कापतात, त्यातही तेच.

साका तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. तो फळ झाडावर असतानाच आत धरतो, सालीवर त्याची खूण नसते. फळ चौदा आणे तयार झालं की उतरवा, उतरवलेलं उन्हात पडू देऊ नका, एवढंच माणसाने करायचं. आणि ते सगळं करूनही काही फळांत तो निघतोच. पण मग याचा अर्थ काय होतो, याचा विचार केलात का? तुमच्या मालातला दोष तुमच्या अंगणात दिसणारच नाही. तो दिसणार गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, सुरीखाली, घरचे सगळे ताटावर बसलेले असताना. हापूस विकायचा म्हणजे तक्रार येणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. ती ऐकायला कोण बसणार, हे मात्र तुम्ही अजून ठरवलेलं नाही.

आता त्या वडिलांच्या जागी बसा. वय सत्तरीचं. चष्मा लावून तुमचं दुकान उघडतात. नंबर आहे, पण तो बागेच्या चित्रात रंगवलेला. बोट लावून फोन लागत नाही, दाबून धरलं तर नक्कलही होत नाही. कागदावर उतरवून घ्यायचा, तर आंब्याच्या पानांवर पांढरे आकडे. सहा की आठ ते कळत नाही. लागला तो फोन सोलापुरातल्या कुणा भल्या माणसाला. मग मुलाला कळवतात. तो तिकडून बघतो. तुमचा नंबर नुसता दहा आकडी, पुढे ९१ नाही; अमेरिकेतून तो लागणार कसा? दुसरा नंबर तुम्ही मोठ्या रुबाबात १८०० चा घेतलाय. असे नंबर परदेशातून सहसा लागतच नाहीत. उरलं व्हॉट्सअ‍ॅप. तिथे कापलेल्या फळाचा फोटो टाकला की क्षणात इंग्रजीत आभार येतात, आपला संदेश आम्हाला महत्त्वाचा वाटतो असं कळतं, आणि त्यानंतर दोन निळ्या खुणा. वाचलंत. उत्तर नाही.

हे जे वाचून गप्प बसणं आहे ना, ते न वाचण्यापेक्षा वाईट. न वाचणारा माणूस निदान बागेत असेल, एसटीत असेल, झोपला असेल. वाचून गप्प बसणारा मात्र विचार करून गप्प बसलाय, आणि ते समोरच्याला बरोबर कळतं.

आता लिहून घ्या. प्रत्येक पेटीत, गवताच्या वर, एक चिठ्ठी. मराठीत, मोठ्या अक्षरांत. तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव. ९१ लावून नंबर. वेळ. आणि त्याखाली: 'फळ आतून खराब निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो आणि ऑर्डर क्रमांक पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील.' संपलं. गिऱ्हाइकाने तुम्हाला शोधत फिरायचं नाही. दुकानाच्या प्रत्येक पानावर, वरच्या बाजूला, तोच नंबर खऱ्या अक्षरांत, बोट लावताच फोन लागेल असा. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा करताना देशाचा ९१ आणि पुढे दहा आकडे सलग. अधिक चिन्ह नको, आधी शून्य नको, मध्ये रेघ नको. तुमच्यातल्या दोघांनी शून्य लावून ठेवलंय आणि दुवा मेलेला आहे. मेलेला दुवा वर्षभर दारावर टांगून तुम्ही "गिऱ्हाईक फिरकत नाही" म्हणत बसलात. आणि एप्रिल-मे या दोन महिन्यांपुरता फोनवर बसायला एक माणूस नेमा. पेट्या भरायला गडी ठेवता, मग फोनला का नको? कायदा तक्रार सोडवायला महिना देतो. आंबा आठवडाही देत नाही. बसा.

पैठणीवाले. तुमच्या प्रत्येक फोटोखाली एकच मंत्र: 'किंमत इनबॉक्समध्ये.' गिऱ्हाईक ताकाला येऊन भांडं लपवतं असं ऐकलं होतं. ताकवाल्यानेच भांडं लपवलेलं तुमच्याकडे पाहिलं. बरं, इनबॉक्समध्ये तरी कोणी बसलंय का? तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे संदेश इन्स्टाग्राम बरेचदा 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात टाकतं. तो कप्पा तुम्ही शेवटचा कधी उघडलात? चेहऱ्यावरून कळतंय. त्या कप्प्यात लग्नाचा बस्ता बांधणाऱ्या आया आहेत. त्यांना विचारायचंय की ही येवल्याची हातमागाची की यंत्रमागाची, पदर विणलेला आहे ना, फॉल-बिडिंग करून मिळेल का, लग्न वैशाखात आहे तोवर येईल का. पैठणी काही चार प्रश्न न विचारता घ्यायची वस्तू नाही. हे प्रश्न येतात म्हणजे बाई खरेदीला बसलीय. दुकानात ती आली असती तर तुम्ही चहा मागवला असता. इथे तिला अंधाऱ्या कप्प्यात ठेवलंत.

आणि किंमत लपवणं हे नियमातही बसत नाही. एकूण किंमत, तिच्यात काय काय धरलं आहे यासकट, गिऱ्हाइकासमोर ठेवायची असते. विचारल्यावर, तोंड बघून, कानात सांगायची नसते.

फराळवाल्या बाई, तुम्ही मघाशी दबक्या आवाजात म्हणालात की नंबर दिला की रात्री-अपरात्री नको ते लोक फोन करतात. तुमचं म्हणणं मला पटतं. घरून धंदा करणाऱ्या बाईला हा त्रास होतो आणि त्याबद्दल तुमच्यावर मी आवाज चढवणार नाही. पण उपाय आहे, आणि तो लपून बसण्याचा नाही. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं वेगळं अ‍ॅप २०१८ पासून फुकट मिळतं. त्या नंबरवर ते चालवा. त्यात कामाची वेळ लावता येते, वेळेबाहेर आलेल्याला काय उत्तर जावं ते लिहून ठेवता येतं, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात, ऑर्डर आलेली, पैसे आलेले, पार्सल गेलेलं अशा चिठ्ठ्या लावता येतात. संध्याकाळी सातला तो फोन बंद करून कपाटात ठेवा. तुमचं घर तुमचं, धंद्याचा नंबर धंद्याचा.

मात्र एक विचारतो. तुमच्या चिवड्याच्या पाकिटावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल छापलेलं आहे. छापावंच लागतं, वैधमापनशास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे नियम २०११ पासून तेच सांगतात. मग जे पाकिटावर छापता, ते दुकानात का दडवता? पाकीट हातात येतं पैसे दिल्यावर. ज्याने अजून पैसे दिले नाहीत त्याला दाखवायची तुम्हाला भीती, की ज्याने दिले त्याला?

आता त्या फॉर्मकडे वळतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. फॉर्म भरल्यावर पत्र कुठे जातं, हे कोणाकोणाला माहीत आहे? वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि तुम्ही मला सांगता की सर, आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत.

ज्यांची पत्रं स्वतःकडे येतात त्यांनीही छाती फुगवू नये. पुष्कळदा फॉर्म असा जोडलेला असतो की पत्र पाठवणारा म्हणून गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता लागतो, पण पत्र निघतं तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून. समोरची यंत्रणा तपासते: या पत्त्याच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार या सर्व्हरला आहे का? नाही. झालं, पत्र स्पॅममध्ये. कधीकधी तिथेही नाही, परस्पर नाकारलेलं. गिऱ्हाइकाला वाटतं कळवलं, तुम्हाला वाटतं कोणी काही बोललंच नाही. तेव्हा पाठवणारा म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, उत्तर जाण्याच्या जागी गिऱ्हाइकाचा. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी करून घ्या. वेबसाइटवाल्याला हे दोन शब्द सांगितले की त्याला कळतं, आणि कळलं नाही तर वेबसाइटवाला बदला. फॉर्म भरणाऱ्याला त्याच्या मजकुराची प्रत आणि तक्रार क्रमांक लगेच गेला पाहिजे. दर सोमवारी सकाळी स्वतः फॉर्म भरून बघा की पत्र येतं का. रोज गल्ला मोजता, हेही मोजा.

कायद्याचं नाव काढलं की तुमचे चेहरे उतरतात, म्हणून मुद्दाम काढतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०. त्या वर्षीच्या २३ जुलैपासून लागू. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहक सेवेचा ईमेल आणि फोन, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क दाखवायचा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. "आम्ही लहान आहोत, आम्हाला कुठलं लागू." घरातला जुना सोफा एकदा विकणाऱ्याला हा नियम लागू नाही. नेमाने धंदा करणाऱ्याला आहे, मग तो स्वयंपाकघरातून करो की गोदामातून. तक्रार अधिकारी म्हणजे काय कुणी सुटाबुटातला बाहेरून आणायचा नाही. तुम्हीच ते. नाव लिहा आणि जबाबदारी घ्या.

"आम्ही तर मोठ्या पोर्टलवर विकतो, तक्रारी ते बघतात." तिथे विकणाऱ्यानेही स्वतःचा तक्रार अधिकारी नेमायचा असतो, मुदती त्याच. पोर्टल तक्रारीला क्रमांक देईल. आंबा काही पोर्टलच्या बागेतला नाही.

आणि गिऱ्हाईक लांब आहे, काय करणार, या भ्रमात राहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माणूस जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे देवगडच्या आंबेवाल्याने नागपूरच्या गिऱ्हाइकाचा फोन उचलला नाही, तर त्याला नागपुरात उत्तर द्यावं लागेल. त्याआधी गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलेल, ते वेगळंच. महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक काही गरीब गाय नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. देशाने ग्राहकासाठी कायदा केला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली. ज्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही, त्यांची नातवंडं तुमच्या निळ्या खुणांकडे बघत बसतील असं वाटतं का तुम्हाला?

पण खटल्याहून मोठी हानी दुसरीच आहे, आणि ती तुमच्यातल्या एकालाही सुचली नाही, याचा मला जास्त राग आहे. तुम्ही नंबर लपवलात म्हणून गिऱ्हाईक नंबर शोधायचं थांबत नाही. ते गूगलवर तुमच्या दुकानाचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं लिहितं. आणि तिथे बसलेत भामटे. नामांकित दुकानांच्या, बँकांच्या, कुरिअरच्या नावाखाली स्वतःचे नंबर पेरून बसणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. गंमत बघा, भामट्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. तो मराठीत बोलतो, काका म्हणतो, माफी मागतो, पैसे लगेच परत करतो म्हणतो, फक्त हे एक अ‍ॅप उतरवून घ्या, फक्त हा एक आकडा सांगा. आंब्याचे पैसे परत मागायला गेलेला माणूस पेन्शनचं खातं रिकामं करून बसतो. मग त्याला १९३० वर फोन करायची वेळ येते. चोरी भामट्याने केली, मान्य. पण त्याच्यासाठी जागा कोणी रिकामी ठेवली? तुमचा खरा नंबर ठळक, सगळीकडे एकच, गूगलच्या व्यवसायाच्या नोंदीतही तोच, बिलावर तोच, पार्सलवर तोच असता, तर त्या माणसाला शोधावंच लागलं नसतं. आणि नंबराखाली एक ओळ लिहा: 'आम्ही ओटीपी किंवा पिन कधीही मागत नाही, कोणतंही अ‍ॅप उतरवायला सांगत नाही.'

आता तुमचं लाडकं कारण. "सर, वेळच नाही. दिवसभर फोन घेत बसलो तर माल कधी भरणार?" फोनवर लोक काय विचारतात, ते कधी लिहून काढलंत? मी सांगतो. माल कधी येईल, कोणत्या कुरिअरने, परत घ्याल का, पैसे कधी परत येतील, आमच्या गावाला पाठवता का. सगळ्यांची उत्तरं दुकानात वस्तूच्या शेजारी लिहा. पार्सल निघालं की त्याचा क्रमांक आपोआप गिऱ्हाइकाला जाऊ द्या. हे प्रश्न तुमच्या आळसाने जन्माला घातलेत; ते मिटले की उरतील ते खरे फोन, आणि त्यांना वेळ नाही म्हणणारा माणूस विक्रीच्या धंद्यात चुकून आलाय.

चोवीस तास बसा, असं मी म्हणत नाही. उलट तुमच्यातल्या तिघांनी '२४ तास सेवा' असं लिहिलंय, ते आजच खोडा. पुण्यातल्या दुकानांवरच्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीला जग हसलं. हसू द्या. ती पाटी खरं बोलायची. एक ते चार बंद म्हणजे चारला फळी उघडणार, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक. तुमची पाटी खोटी. 'सकाळी १० ते संध्याकाळी ६, रविवारी बंद, व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर' एवढं लिहा आणि पाळा. कमी सांगा, पण सांगितलेलं मोडू नका.

एकाने उत्तरं द्यायला यंत्र बसवलंय. 'नमस्कार, मी तुमची काय मदत करू?' मी साका निघाल्याचं लिहिलं, त्याने मला आमरसाचे डबे दाखवले. पुन्हा लिहिलं, त्याने सवलतीचं कूपन दिलं. असं यंत्र ठेवायचं असेल तर त्याच्या पहिल्याच पानावर 'माणसाशी बोला' हा पर्याय हवा, आणि त्यावर बोट लावलं की खरंच माणूस यायला हवा. गिऱ्हाईक मराठीत लिहितं तर उत्तर मराठीत जाऊ दे. आंबा मराठीत विकता, माफी मात्र इंग्रजीत मागता.

शेवटी वही. तक्रारींची रोजकीर्द घाला. हसू नका, ओढा रेघा. तारीख, ऑर्डर क्रमांक, गिऱ्हाईक, काय म्हणालं, कोणी ऐकलं, काय कबूल केलं, कधी फिटलं. आलेली प्रत्येक तक्रार त्याच दिवशी नोंदली गेली पाहिजे, आणि फिटेपर्यंत शेवटचा रकाना कोरा दिसला पाहिजे. महिनाअखेरीला कोरे रकाने मोजा. तुमचं खरं देणं बँकेच्या पुस्तकात दिसत नाही, या कोऱ्या रकान्यांत दिसतं. आणि वही भरत गेली की आणखी एक गोष्ट दिसेल: एकाच तारखेला काढलेल्या फळांत साका जास्त, एकाच कुरिअरकडून चकलीचा भुगा, एकाच रंगाची पैठणी फोटोत वेगळी दिसते. ही माहिती विकत मिळत नाही. गिऱ्हाईक ती स्वतःचा फोन खर्च करून तुम्हाला फुकट द्यायला आलेलं असतं, आणि तुम्ही त्याला ट्रॅफिक सिग्नल ओळखायला बसवता.

गृहपाठ. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या दुकानात तक्रार घेऊन जायचं. मोबाईलवरून, लॅपटॉपवरून नाही. तुमचं गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन आंबे खात नाही. नंबर सापडायला किती वेळ लागला, बोट लावल्यावर फोन लागला का, फॉर्मचं पत्र पोचलं का, उत्तर देणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं का, सगळं वहीत. परदेशात नातेवाईक असेल तर त्यालाही एक फोन लावायला सांगा. तक्रार नाटकी असली तरी आवाज खरा चढवा. आंबेवाले, तुम्ही पैठणीवाल्यांना अजिबात सोडू नका. तुम्हाला सोडायचं नाही, हे मी फराळवाल्या बाईंना सांगून ठेवलंय.

पुढच्या शनिवारी वह्या तपासीन. ज्याच्या दुकानातून उत्तर आलं नाही, त्याने वर्गात बसायचं नाही. बाहेर पायरीवर बसायचं, आणि आठवडाभर चुकवलेल्या प्रत्येकाला तिथून स्वतः फोन लावायचा. आधी नाव सांगायचं, मग बोलायचं.